पलीकडची अनसा

एक होतं गाव. आता नाही, तेव्हा होतं. दोन राजांचं भांडण लागलं आणि मधल्यामध्ये ते गाव जळून गेलं. तिथं अनसा राहायची. तिचा नवरा आग विझवायला धावला, तो परत आलाच नाही. मग अनसानं लेकीला, सोनकीला, कडेवर घेतलं, सासूचा हात धरला आणि निघाली. सासू राहीबाई मोठी खाष्ट, बरं का. चालता चालतासुद्धा सुनेला बोल लावायची.

वाटेत पहिली नदी लागली. तिच्यात होती एक बोलणारी सुसर. म्हणाली, "पलीकडे नेते, पण ओझं टाका." मग त्यांनी भांडीकुंडी टाकली, जातं टाकलं. दुसऱ्या नदीतली सुसर म्हणाली, "मला भूक लागलीय." मग अनसानं सोबत आणलेली दुभती शेळी दिली. सोनकी दुधासाठी रडली, रडून रडून गप्प झाली.

तिसरी नदी सगळ्यांत मोठी. मागून घोड्यांच्या टापा ऐकू येत होत्या. तिथली सुसर म्हणाली, "पाठीवर दोघींनाच घेईन. आणि मी परत फिरत नाही."

अनसा मटकन खाली बसली. "आत्याबाई, तुम्ही सोनकीला घेऊन जा."

"आणि पुढं तिला पोसायचं कुणी? मी? ऊठ," म्हातारी म्हणाली. मग सोनकीच्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "तुझ्या हातची भाकर मला कधी आवडली नाही, अनसा. पण पोरीला उपाशी ठेवू नकोस."

पलीकडे उतरल्यावर अनसानं मागं पाहिलं. काठावर घोडेच घोडे. म्हातारी दिसली नाही.

पलीकडच्या गावानं त्यांना वेशीबाहेर जागा दिली. अनसानं लोकांची दळणं दळली, गोवऱ्या थापल्या. मग झोपडी झाली, मग घर झालं. पण तिचं नाव कुणी विचारलं नाही. सगळे 'पलीकडची' म्हणायचे. सोनकी तिथल्यासारखं बोलू लागली, आईच्या बोलण्याला हसू लागली. आधी रोज विचारायची, "आजी कधी येणार?" मग सणासुदीला विचारायची. मग एकदा अनसानंच आठवण काढली, तर पोर म्हणाली, "कोण आजी?"

अनसाला वाटलं, म्हातारी खरी गेली ती आज.

पुढं सोनकीचं लग्न झालं, लेकरंबाळं झाली. सगळी पोटभर जेवली, सुखानं राहिली. अनसासुद्धा? हो रे, तीही जेवली. चला, पांघरूण घ्या आता, डोळे मिटा.