घंटेतला गवताचा बोळा

डोंगराच्या उतारावर एक जंगल होतं आणि त्या जंगलात प्राण्यांची एक ख्रिस्ती मंडळी राहत असे. हसू नका मुलांनो, खरंच राहत असे! दर रविवारी सकाळी सगळे जांभळीच्या झाडाखाली जमायचे, गीतं गायचे, प्रार्थना करायचे आणि मग एकत्र बसून फळं खायचे. त्यांची पाळक, म्हणजे उपासना चालवणारी आणि सगळ्यांना सांभाळणारी, होती एक म्हातारी तांबडी गाय. तरुणपणी ती खाली गावातल्या पाळकसाहेबांच्या गोठ्यात होती. गोठा अगदी चर्चच्या खिडकीला लागून, त्यामुळे रवंथ करता करता तिला सगळी गीतं पाठ झाली होती. जंगलात आली तेव्हा गळ्यातली पितळी घंटाही ती सोबत घेऊन आली.

त्या घंटेचा मंडळीला फार आधार होता. हिवाळ्यात त्या डोंगरावर असं दाट धुकं उतरायचं की स्वतःचं शेपूटही दिसू नये. अशा वेळी कुणी वाट चुकलं, कुणी घाबरलं, की नुसते कान टवकारायचे. घंटा वाजते तिकडे आपली पाळक आहे, एवढं कळलं की पुरे! गाय चरायला निघाली की घंटा वाजे, पाणी प्यायला वाकली की वाजे, झोपेत मान हलली तरी वाजे.

पुढे गायीचे गुडघे दुखू लागले. ती म्हणाली, "लेकरांनो, आता दुसऱ्या कुणीतरी ही घंटा घाला."

झालं! जंगलात नुसती धांदल उडाली. अस्वल पुढे सरसावलं, पण मोहाची फुलं खाल्ली की ते कसं डुलत चालतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं. रानकोंबडा म्हणाला, "मी रोज पहाटे सगळ्यांना उठवतो, मला घ्या." पण उठवल्याबरोबर पहिलं भांडणही तोच उकरून काढायचा. बोकड मात्र सगळ्यांच्या मनात भरला. काय ती दाढी! काय तो भारदस्त आवाज! तो प्रार्थना करू लागला की घाईत निघालेल्या मुंग्यासुद्धा जागच्या जागी थांबत. शिवाय बायको शेळी गुणाची, एकुलतं एक करडू गोड. मंडळीने मग फार खोलात न शिरता त्यालाच निवडून टाकलं.

माकडाने गायीच्या गळ्यातली घंटा सोडून बोकडाच्या गळ्यात बांधली. गाय म्हणाली, "बाळा, हा दागिना नाही हं. आपला पाळक या घडीला कुठे आहे आणि काय करतो आहे, हे मंडळीला कळावं म्हणून ही घंटा आहे. ती कधी मुकी होऊ देऊ नकोस."

"अहो गायमावशी, एवढं मला कळत नाही का?" असं म्हणून बोकड थेट तळ्यावर गेला आणि पाण्यात आपलं रूप न्याहाळत बसला.

पहिले काही दिवस मजेत गेले. बोकड मान वळवी तिकडे, "सलाम, पाळकसाहेब!" त्याला अगदी गुदगुल्या व्हायच्या. पण हळूहळू घंटा त्याला नकोशी वाटू लागली. कोवळा पाला शोधायला गेला, की आवाज ऐकून पाच-सहा जण हजर! घरी शेळीवर खेकसला, की रागाने मान हलायची, घंटा खणखणायची आणि दुसऱ्या दिवशी सगळं जंगल विचारायचं, "पाळकसाहेब, काल घरी काही झालं का?" मोठ्या पदावर बसलेल्याला इतकं उघड्यावर जगावं लागतं, हे त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. खरं तर सांगितलं होतं. त्याने ऐकलं नव्हतं.

त्यातच बोरं पिकली. डोंगराच्या वरच्या अंगाला एक भलीमोठी बोर होती. तिची फळं मंडळीने म्हाताऱ्यांसाठी आणि विधवांसाठी राखून ठेवली होती, कारण ज्यांना लांब चालवत नाही त्यांची बिळं त्या झाडाच्या आसपासच होती. साळिंदर म्हातारी, म्हणजे सगळ्यांची साळूआजी, तिथेच एका खडकाखाली राहायची. बोकडाने त्या पिकल्या बोरांचा वास घेतला मात्र, त्याच्या तोंडाला पाणी सुटलं. पण घंटा घालून तिथे जाणार कसा?

माकडाने त्याची अडचण लगेच ओळखली. "त्यात काय एवढं? घंटेत सुक्या गवताचा बोळा कोंबू. रविवारी उपासनेच्या आधी काढू, नंतर परत कोंबू. फक्त मला झाडाच्या शेंड्यावरची बोरं खाऊ द्यायची."

"पण हे बरं दिसेल का?" बोकडाने विचारलं.

"कुणाला दिसणार आहे?" माकड म्हणालं.

ठरलं. बोकडाचं तोंड तर गळ्यातल्या घंटेपर्यंत पोचत नव्हतं, त्यामुळे कोंबायचं आणि काढायचं काम माकडाचं. रविवारी घंटा अशी खणखणीत वाजायची की ऐकत राहावं, आणि सोमवार ते शनिवार पाळकसाहेब कुठे आहेत याचा कुणाला पत्ता नसायचा. मंडळीला वाटलं, बिचारे एकांतात प्रार्थना करत असतील. एकदा साळूआजीच त्याला म्हणाली, "पाळकसाहेब, मला दिसत नाही फारसं, पण यंदा बोरं खाली पडतच नाहीत बघा. झाडाला काय झालंय कोण जाणे. तेवढी प्रार्थना करा ना!" आणि बोकडाने डोळे मिटून, दाढी हलवून, बोरीच्या बहरासाठी लांबलचक प्रार्थना केलीसुद्धा! मला तर हे सांगतानाही राग येतो.

नाताळ जवळ आला. एका सकाळी धुकं असं उतरलं की झाडाला झाड दिसेना. माकड थंडीने ढोलीत गुरफटून पडलं होतं. बोकड मात्र एकटाच बोरीखाली मागच्या पायांवर उभा राहून मिटक्या मारत होता. इतके दिवस आंबटगोड बोरं खाऊन त्याचा घसा पार बसला होता, पण जीभ काही ऐकायला तयार नव्हती.

इकडे घरी करडाने नाताळचं गीत पहिल्यांदाच न अडखळता म्हटलं होतं. "बाबांना आत्ताच्या आत्ता म्हणून दाखवतो!" असं म्हणत, आई उठायच्या आत ते उड्या मारत बाहेर पडलं. धुक्यात कान दिले की घंटेचा आवाज कुठून ना कुठून येतोच, हे त्याला लहानपणापासून माहीत. गाय पाळक होती तेव्हा ते त्या आवाजामागे तर चालायला शिकलं होतं. ते थांबलं, कान दिले, आणखी थोडं चाललं, पुन्हा कान दिले. घंटा नाही. चालता चालता ते बोरीच्याही पलीकडे गेलं. तिथून पुढे डोंगराचा कडा होता, सरळ खाली तुटलेला.

"बाबा!" धुक्यातून बारीक आवाज आला. "बाबा, घंटा वाजवा ना! मला काही दिसत नाही!"

बोकडाच्या तोंडातलं बोर गळून पडलं. आवाज कड्याच्या बाजूचा होता! तिकडे धावावं, तर धुक्यात लेकरू नेमकं कुठे आहे आणि कडा कुठे तुटतो, हे त्यालाही दिसत नव्हतं. त्याने जिवाच्या आकांताने मान झटकली. घंटा वाजली नाही. दंवाने भिजून बोळा फुगला होता आणि आत घट्ट बसला होता. त्याने मान खडकावर आपटली. नुसता थड् असा आवाज झाला. हाक मारायला तोंड उघडलं, तर घशातून जेमतेम एक खरखर निघाली, ती कड्यापर्यंत पोचणं शक्यच नव्हतं. पण चार पावलांवरच्या बिळांपर्यंत पोचली असती.

आणि तिथेच तो अडला. बिळं म्हाताऱ्यांची होती. त्यांना हाक मारली तर त्या येतील, आणि त्यांच्याच बोरीखाली, त्यांच्याच बोरांच्या बियांच्या ढिगाऱ्यात आपला पाळक उभा आहे, हे सगळ्यांना कळेल. ती दाढी, तो मान, तो सलाम, सगळं संपेल.

"बाबा!" आवाज आणखी लांब गेला.

"साळूआजी!" बोकड बसक्या घशाने ओरडला. "मी तुमच्या बोरीखाली आहे! तुमची बोरं मीच खात होतो! माझ्या घंटेत गवत कोंबलंय, ते काढा! माझं लेकरू कड्यावर आहे!"

म्हातारी धडपडत बिळातून बाहेर आली. चाचपडत घंटा धरली आणि बोळ्यात दात रोवले. तिचे काटे बोकडाच्या नाकात, गालात, दाढीत शिरले, पण त्याने मान तशीच पुढे धरून ठेवली. बोळा निघत नव्हता. तिने पाय रोवून पुन्हा एक हिसडा दिला आणि बोळ्यासकट मागच्या मागे धपकन बसली.

खण्! खण्! खण्!

बोकड जागचा हलला नाही. तो एकाच जागी उभा राहून मान हलवत राहिला. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, आणि मग धुक्यातून आधी दोन कान आले, मग एक ओलं नाक, मग सगळं करडू उडी मारून त्याच्या पोटाशी शिरलं.

"बाबा, पुढे जमीनच नव्हती," ते म्हणालं. "मी एक पाय उचलला होता, तेवढ्यात घंटा वाजली." आणि धाप टाकत पुढे म्हणालं, "गीत म्हणू?"

बोकड ढसाढसा रडला. साळूआजीही रडली, आणि मग करडाने गीत म्हटलं तेव्हा दोघंही रडता रडता हसली.

त्या रविवारी बोकडाने जांभळीखाली उभं राहून काहीही हातचं न राखता सगळं सांगितलं. माकड आधी फांदीआड दडलं होतं, तेही खाली मान घालून खाली आलं. बोकड म्हणाला, "ही घंटा काढा. मी तिच्या लायक नाही."

आता मजा बघा. मागे घंटेसाठी रेटारेटी करणारे सगळे मागे सरले! अस्वलाला एकदम मोहाचं झाड आठवलं, कोंबड्याला भांडायचा राहिलेला शेजारी आठवला. शेवटी तांबडी गाय हसून म्हणाली, "बरं झालं, तुम्हाला घंटेचं वजन तरी कळलं. वर्षभर मीच घालते. बोकडा, तू तोवर साळूआजीची बोरं झाडून दे."

बोकडाने ते काम मनापासून केलं. पावसाळ्यात म्हाताऱ्यांच्या बिळांपुढचे चर खणले, बोरं पिकली की सगळ्यांत आधी विधवा सशिणीच्या दारात नेऊन ठेवली, माकडालाही कामाला जुंपलं. शेळीशी तो आता हळू आवाजात बोलायला शिकला. कोल्हे मंडळीत कधी येत नसत, पण तेही म्हणू लागले, "बोकड बाकी सुधारला हो!" पुढच्या नाताळला साळूआजीनेच त्याचं नाव सुचवलं आणि सगळ्या जंगलाने आनंदाने माना हलवल्या.

"माझी एक अट आहे," बोकड म्हणाला.

ती अट त्या मंडळीत आजही पाळतात. रविवारी उपासनेच्या आधी पाळक सगळ्यांसमोर मान खाली घालून उभा राहतो. मंडळीतलं सर्वांत लहान पिल्लू पुढे येतं, घंटेत नाक खुपसून नीट बघतं आणि मोठ्याने ओरडतं, "रिकामी आहे!" मग सगळे टाळ्या पिटतात, घंटा वाजते आणि गीत सुरू होतं.

तात्पर्य : मंडळीच्या पुढाऱ्याचं आयुष्य रविवारी जसं ऐकू येतं तसंच सोमवारीही ऐकू यावं, आणि त्यात कधी बोळा अडकलाच, तर तो काढून घेण्यासाठी त्याने लहानथोरांपुढे मान लववायला लाजू नये.