वैतरणीवरचा नावाडी

कृष्णेवरचा म्हातारा नावाडी लिंबाजी भोई अंथरुणाला खिळला, तसे धुंडिराजशास्त्री त्याच्या एकुलत्या एका गाईवर डोळा ठेवून दारी आले.

“लिंब्या, गाय दान कर. तिचं शेपूट धरल्याशिवाय वैतरणी कशी ओलांडशील?”

मागं राहणाऱ्या म्हातारीचं पोट त्या गाईवरच होतं. लिंबाजी हसला.

“शास्त्रीबुवा, मेल्यावर नदी नसलीच, तर बुडायची भीती नाही. आणि असलीच, तर तिथंही नावाडी लागणारच की! साठ वर्षं वल्हं मारलंय मी.”

नावेत पाय ठेवला की डोळे गच्च मिटून बसणारे शास्त्रीबुवा जायला उठले. उंबरठ्यापर्यंत गेले, परत वळले आणि हळूच म्हणाले,

“लिंबाजी, मी काठावरून हाक मारली, तर न्यायला येशील ना रे?”