कासारीण आणि मानाचं ताट

फार पूर्वी, बांगड्या टोपलीत बसून दारोदार यायच्या त्या काळी, एका गावात एक कासारीण राहत होती. तिचा हात इतका हलका, की नवरीच्या अंगठ्याखालचं हाड ती कधी दाबते आणि काकण मनगटावर कधी उतरतं, ते नवरीलाही कळत नसे. गावातला लग्नाचा चुडा तिनेच भरायचा, असं ठरूनच गेलं होतं.

त्या गावात एक रीत होती. चुडा भरून झाला की कासारणीला पाटावर बसवायचं आणि मानाचं ताट वाढायचं. ताटात तुपात भिजलेल्या पुरणपोळ्या, भजी, कुरडया आणि वर साखरभात. हे ताट परत गेलं तर नवरीचा अपमान होतो, असं सगळे म्हणत. कोणी कधी परत पाठवून पाहिलं नव्हतं, तरी म्हणत.

चाळिशी उलटली आणि कासारणीची बोटं धरू लागली. सकाळी मूठ वळेना. सांधे सुजून लाल व्हायचे, टोपलीची दोरीसुद्धा सोडवत नसे. ती फार घाबरली, कारण घरात लेक वाढत होती. जन्मभर दुसऱ्यांच्या लेकींचे हात भरले, आता आपल्या लेकीचा चुडा आपल्याच हातांनी भरायचा, एवढी एकच तिची इच्छा होती.

ती वैद्यबुवांकडे गेली. त्यांनी एकेक बोट दाबून पाहिलं.

"बाई, हा संधिवात. मुळापासून जाईल असं मी म्हणणार नाही, पण आवरता येईल. हा काढा रोज घे, हा लेप लाव आणि ताटाकडे लक्ष दे. गोड आणि तळलेलं सणापुरतं, तेही घासभर. एरवी भाकरी, पालेभाजी, मूग, जवसाची चटणी. वजनही थोडं उतरव. सूज कमी राहील."

"आणि बरं वाटलं की सोडू ना?"

"बरं वाटलं तर ते पथ्यामुळे वाटलं असं समज आणि चालू ठेव."

चातुर्मास सुरू झाला होता. लग्नं बंद, त्यामुळे ताटंही बंद. कासारणीने चार महिने नेटाने पथ्य पाळलं. हळूहळू सूज ओसरली, सकाळी मूठ वळू लागली. तिला वाटलं, सुटले बाई एकदाची!

तुळशीचं लग्न झालं आणि पहिलंच बोलावणं पाटलांच्या घरचं आलं. चुडा भरला, ताट समोर आलं. "मला पथ्य आहे," ती हळूच म्हणाली.

पाटलीणबाईंचा चेहरा उतरला. "अगं, एका पोळीने काय होतंय? माझ्या लेकीच्या लग्नात नाट लावतेस होय?"

कासारणीने मान खाली घालून पोळी खाल्ली. दुसऱ्या दिवशी काहीच दुखलं नाही, आणि इथेच घात झाला. मग ती प्रत्येक घरी जेवू लागली. घरी आली की दुप्पट जवसाची चटणी खायची, जणू चटणी पोटात शिरून पोळी शोधून काढणार होती! पुढे दुखत नाही म्हणून काढा सुटला, लेपही सुटला.

होळीपर्यंत बोटं पुन्हा सुजली. वैद्यबुवांकडे कोणत्या तोंडाने जायचं, म्हणून ती गेलीच नाही. असे तीन हंगाम गेले आणि बोटं वाकडी झाली ती झालीच.

मग लेकीचं लग्न ठरलं. चुड्याच्या दिवशी बायका जमल्या. कासारणीने लेकीचा हात हातात घेतला. पहिलं काकण बोटांतच फुटलं. दुसरंही फुटलं. तिसऱ्याची काच लेकीच्या मनगटात घुसली आणि रक्त आलं.

"आई, राहू दे गं," लेक म्हणाली. "तुला दुखतंय."

"नाही दुखत मला," आई म्हणाली आणि ढसाढसा रडली.

शेवटी शेजारच्या गावची कासारीण बोलवावी लागली. तिने बघता बघता दोन्ही हात भरले. आई दाराशी उभी राहून परक्या बाईसारखी बघत होती.

रीत तर पाळायला हवी. आईने तळहातांवर तोलून मानाचं ताट आणलं. पाहुण्या कासारणीने हात जोडले.

"रागावू नका हं ताई. मलाही सांधेदुखी आहे. भाकरी असेल तर द्या, नाहीतर नुसतं पाणी पुरे."

आईने ताट खाली ठेवलं. लेकीचा अपमान झाला म्हणून आपल्याला राग येईल, असं तिला वाटलं. राग आलाच नाही. तिने आत जाऊन भाकरी आणि मेथीची भाजी आणली.

"लोक रागावत नाहीत तुझ्यावर?" तिने विचारलं.

"पहिल्या घरी रागावले होते," पाहुणी म्हणाली. "दोन दिवसांनी विसरले."

जेवण करून ती टोपली उचलून पुढच्या लग्नाला गेली. लेकही दुसऱ्या दिवशी सासरी गेली. आईने तिच्या अंगावरून हात फिरवला, पण तिचा हात हातात घट्ट धरणं काही तिला जमलं नाही.

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनोही, तात्पर्य: पथ्य बरं वाटेपर्यंतचं नसतं, आणि लोकांच्या मानापानासाठी ते मोडू नये. लोक दोन दिवसांत विसरतात, दुखणं मात्र आपल्याजवळच राहतं.