नावांच्या दुकानदाराची परीक्षा

"परीक्षा? आणि ती मी द्यायची, बाई?"

शार्दूल मोहिते खुर्चीत टेकायलाही तयार नव्हता. वेबसाइटची नावं विकण्यात सांगली-मिरजेत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

वत्सलाबाई टिळेकरांनी शांतपणे चष्मा पुसला. सगळे विक्रेते ज्या एकाच सामायिक प्रणालीत ही नावं नोंदवतात, ती त्यांनी उभारलेली. परीक्षेशिवाय तिथे कुणालाच थेट प्रवेश नव्हता; शार्दूल आजवर दुसऱ्या विक्रेत्यामार्फत नावं नोंदवत असे. शार्दूल तर त्यांचा कॉलेजातला जुना विद्यार्थी.

"संध्याकाळी नव्या दुकानाचं उद्घाटन आहे. प्रवेश मिळाला नाही तर चारचौघांत नाक कापलं जाईल माझं."

बाईंनी संगणक सुरू केला.

"माझ्या गिऱ्हाइकाचं एक तरी नाव कधी बंद पडलंय?"

"नाही पडलं," बाई म्हणाल्या. अभिमानानेच म्हणाल्या.

मग त्यांनी सरावाची प्रणाली उघडली. दिसायला हुबेहूब खरी, पण खोटी.

"हे तुझं गिऱ्हाईक. धंदा बंद केलाय त्याने. त्याचं नाव पुसून टाक."

हा तर शार्दूलच्या डाव्या हातचा मळ. त्याने कळ दाबली. प्रणालीने नकार दिला: या नावाच्या सर्व्हरवर इतर वेबसाइट अवलंबून आहेत.

तो हसला. असल्या सूचनांनी नवखे अडतात! त्याने सर्व्हरला अस्तित्वातच नसलेलं भलतंच नाव देऊन टाकलं. नकार नाहीसा झाला आणि मूळ नाव चुटकीसरशी पुसलं गेलं.

"झालं!" त्याने मिशीवर ताव दिला.

पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या. एका शाळेची वेबसाइट बंद. एक दवाखाना बंद. मग एक रक्तपेढी...

"ही माझी गिऱ्हाइकं नाहीत," तो पुटपुटला.

"नाहीत."

"मग यांचा माझ्याशी काय संबंध?"

"तू नाव बदललंस त्याच सर्व्हरवर ती चालत होती," बाईंनी पडद्याकडे बोट दाखवलं.

शार्दूलने त्या लाल ओळी पुन्हा वाचल्या. त्याला लाज वाटली, स्वतःचा संतापही आला. त्याने फोन काढला आणि उद्घाटन पुढे ढकलल्याचं कळवून टाकलं.

"बसतो परीक्षेला," तो म्हणाला. मान मात्र खाली घातली नाही. गडी तसा नव्हताच. "पण बाई, प्रणाली तुमची. तुमची परीक्षा कोण घेतं?"

बाई हसल्या.

"ज्यांनी मला कधी पाहिलं नाही, पण ज्यांच्या वेबसाइट या प्रणालीवर चालतात, ती माणसं. रोज."