खार ‘ठेवलं’ कधी म्हणते?

छोट्या मित्रांनो, मी एका दवाखान्यात संगणकावर बाळांच्या लसींच्या नोंदी करते. परवा एक नोंद करता करता वीज गेली आणि माझी झोप उडाली. पडद्यावर दिसत होतं ते आत उतरलं असेल, की विजेबरोबर तेही गेलं? ही काळजी माझ्या पाच वर्षांच्या शाल्मलीला समजावताना एक गोष्ट सुचली. जमली की नाही, तुम्हीच ठरवा.

ओढ्याकाठच्या जंगलात एक माकड आणि एक खार शेजारी राहत. दोघंही पक्ष्यांचे दाणे सांभाळत. माकडाचं काम झटपट. दाणे गालाच्या पिशवीत कोंबले, की लगेच म्हणे, “ठेवलं! जा निवांत.” खार मात्र एकेक दाणा जमिनीत पुरी, वर माती दाबी आणि मगच म्हणे, “ठेवलं.”

“किती तो वेळ, खारूताई! माझ्याकडची रांग बघ,” माकड चिडवी.

“गालातलं म्हणजे अजून वाटेतलं, माकडदादा,” खार म्हणे.

एके दुपारी सुगरण पक्षीण पिल्लांचे दाणे घेऊन खारीकडे आली. अर्धे पुरून झाले, तोच जवळच्या झाडावर वीज कोसळली. माकड दचकून किंचाळलं आणि गालातले सगळे दाणे ओढ्यात पडून वाहून गेले. खारही कोलमडली. शुद्धीवर आली तेव्हा कुठले दाणे पुरून झाले होते, हे तिला काही केल्या आठवेना.

पलीकडे माकडाकडे दाणे ठेवलेली मुनिया चिमणी रडवेली होऊन विचारत होती, “दादा, तुम्ही तर ‘ठेवलं’ म्हणाला होतात!” माकड नुसतं गाल चाचपत राहिलं.

खारीने जमीन पाहिली. जिथे माती दाबलेली, तिथे दाणा होताच. एका खड्ड्यावर मात्र माती सैल होती. तो दाणा तिने काढून पुन्हा नीट पुरला.

“आणि बाकीचे गं?” तिने घाबरून विचारलं.

“हे काय, माझ्या पंखाखाली,” सुगरण म्हणाली. “तू अजून ‘ठेवलं’ म्हणाली नव्हतीस ना! मग मी कशाला सोडते?”

खारीने तेही पुरले, माती दाबली आणि म्हणाली, “ठेवलं.”

तात्पर्य : काम पक्कं झाल्याशिवाय ‘झालं’ म्हणू नये. मग संकट आलंच, तर काय टिकलं आणि काय पुन्हा करायचं, ते नेमकं कळतं.

गोष्ट संपली. शाल्मलीने हातातला दुधाचा पेला खाली ठेवला, मोठ्ठा घोट गिळला आणि म्हणाली, “आई, मघाशी मी मान हलवून ‘प्यायले’ सांगितलं ना, तेव्हा ते गालात होतं. आता प्यायले.”