मिठाच्या लाद्यांशेजारी

“चेहरा कसा होता?”

मामारीबाबांनी एवढंच विचारलं.

देम्बा गोंधळला. अकरा दिवस चालून तो नदीकाठच्या या झोपडीत पोचला होता. वाटभर त्याने उत्तरं जुळवली होती. असं का केलंस, याचं उत्तर. कुणाच्या जिवावर केलंस, याचं उत्तर. पुढचा विचार केला होतास का, याचंसुद्धा.

चेहऱ्याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

“कुणाचा चेहरा, बाबा?”

“जिला तू धरलंस, तिचा.”

देम्बा उठला. दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा बसला. गेली दोन वर्षं त्याला एका जागी बसता येत नव्हतं. जेवतानाही तो मधूनच उठे आणि दक्षिणेकडे बघत राही.

“आठवत नाही,” तो म्हणाला.

बाबांच्या हातात सुई होती. समोर पाण्याचा वाळका, फुटका भोपळा होता. त्याची चीर ते दोऱ्याने शिवत होते.

...

वगादूचं राज्य तेव्हा भरात होतं. उत्तरेच्या वाळवंटातून उंटांवर मीठ येई. दक्षिणेत नदीपलीकडून सोनं येई. मधे वगादू. राजाच्या कुत्र्यांच्या गळ्यातही सोन्याचे पट्टे असत, असं परदेशी व्यापारी सांगत.

पण नदीपलीकडची माणसं वगादूत कुणीच पाहिली नव्हती.

व्यवहाराची रीत ठरलेली होती. वगादूचे लोक गाढवांवरून मिठाच्या लाद्या नदीकाठी आणत, वाळूत ओळीने मांडत, नगारा वाजवत आणि अर्ध्या दिवसाच्या वाटेवर मागे सरत. मग पलीकडून होड्या येत. ती माणसं प्रत्येक लादीशेजारी सोनं ठेवत आणि निघून जात. वगादूचे लोक परत येत. ठेवलेलं पटलं, तर ते उचलायचं आणि मीठ सोडून निघायचं. कमी वाटलं, तर कशालाही हात न लावता पुन्हा मागे सरायचं आणि वाट बघायची.

कुणी कुणाशी बोलत नसे. कुणी कुणाला बघत नसे. पणजोबांच्या पणजोबांपासून हे असंच चाललं होतं, आणि एकदाही कुणी कुणाला फसवलं नव्हतं.

नगारा मामारीबाबांकडे होता. मीठ घेऊन जाणाऱ्या तांड्यांचे सगळे नायक त्यांच्याच हाताखाली तयार झालेले. कुठे थांबायचं, किती मागे सरायचं, वाट किती बघायची, हे ते शिकवत.

देम्बा त्यांच्याकडे सात वर्षं होता. सगळ्यांत हुशार. गाढवाच्या पाठीवरच्या लादीला हात लावून ती कुठे तडकेल ते सांगायचा. पण वाट बघायची वेळ आली की त्याचे पाय शिवशिवत.

आठव्या वर्षी तो म्हणाला होता, “बाबा, आता शिकायचं काही उरलं नाही.”

बाबांनी वाद घातला नाही. त्याला तांडा दिला.

पहिल्याच खेपेला तो मागे सरला नाही. सहा माणसं घेऊन काटेरी झुडपांत लपला. होड्या आल्या. माणसं उतरली. देम्बाने शीळ घातली...

बाकीचे पळाले. एक बाई सापडली.

...

“किती दिवस ठेवलीस?”

“तीन.”

“काय विचारलंस?”

“सोनं कुठं सापडतं ते. चार भाषांत विचारलं.”

“आणि?”

“बोलली नाही. पाणी दिलं, प्यायली नाही. बांधलेली होती, पण तोंड फिरवून नदीकडेच बघत बसायची. म्हणून तर चेहरा...” देम्बा थांबला. “तिनं एकदाही माझ्याकडे बघितलं नाही.”

“मग?”

“मग सोडली. दया आली.”

बाबांनी सुई थांबवली. वर पाहिलं नाही. नुसती सुई थांबवली.

देम्बाने जमिनीवरची काडी उचलून मोडली. अर्धी पुन्हा मोडली.

“दया नव्हती, बाबा,” तो हळूच म्हणाला. “ती मरायला टेकली होती. माझ्या हातून मेली तर काय, ही भीती वाटली. दोर कापला, तशी ती उठली, पडली, पुन्हा उठली आणि सरळ पाण्यात शिरली.”

“पोचली?”

“माहीत नाही.”

बाबांनी पुन्हा टाका घातला.

त्यानंतर होड्या आल्या नाहीत. तांडे गेले, लाद्या मांडल्या, नगारे वाजले. परत येऊन बघावं तर मीठ तसंच. पावसाळ्यात गवताच्या चटयांखाली ते पाझरून वाळूत गेलं. गाढववाल्यांनी गाढवं विकली. राजाने देम्बाचं नायकपण काढून घेतलं. त्याची थोरली बहीण कुम्बा, जिने त्याला लहानाचं मोठं केलं, ती बाजारात त्याच्या शेजारून चालेना. नदीतले कोळी सांगत, मिठावाचून पलीकडची माणसं लव्हाळी जाळून राख चाटतात, गुरं माती चाटतात.

“हे दंडावर काय?” बाबांनी विचारलं.

“ताईत. व्यापाऱ्यांच्या वस्तीत मशिदीतल्या धर्मपंडिताने, फकिहाने, कातड्यात कुराणातली आयत शिवून दिली.”

“आणि गळ्यात?”

“राजाच्या वस्तीतल्या देवराईत गेलो होतो. पुजाऱ्याने पांढरा बोकड मागितला. त्या बोकडाच्या केसांचा गोफ आहे.”

“दोघे काय म्हणाले?”

“दोघेही एकच म्हणाले. शांत बस.”

“बसलास?”

देम्बाला हसू आलं, आणि त्याच दमात डोळे भरून आले.

“बसता येत असतं, तर त्या दिवशी झुडपात कशाला गेलो असतो? बाबा, तुम्ही काहीतरी सांगा. मारा, हाकलून द्या, पण सांगा. ते लोक परत कसे येतील?”

बाबांनी भोपळा उलटा केला, शिवण बोटाने चाचपली.

“त्यांनी तुला पाहिलं होतं?”

“नाही. मी झुडपात होतो. धावून गेलो तोवर ते पाठमोरे पळत होते.”

“आणि ती?”

“सांगितलं ना. तिनं बघितलंच नाही.”

“म्हणजे तू पाहिलंस. तुला कुणी पाहिलं नाही.”

“...हो.”

“मीठ आणलंयस?”

“चार लाद्या. दोन गाढवांवर.”

बाबा उठले. गुडघे कडाडले.

“चल.”

...

लाद्या वाळूत ओळीने मांडून झाल्या. नदी संथ होती. पलीकडची झाडी गच्च, हिरवी, मुकी.

“बस,” बाबा म्हणाले.

“कुठे?”

“ओळीत.”

देम्बा चौथ्या लादीशेजारी बसला. बाबांनी त्याच्याच डोक्यावरचा फेटा सोडला, त्याची घट्ट पट्टी करून डोळ्यांवर बांधली. उजव्या गुडघ्याशी पाण्याचा भोपळा ठेवला, डाव्याशी बाजरीच्या भाकऱ्या.

“हात बांधा ना बाबा,” देम्बा म्हणाला. “माझा मला भरवसा नाही.”

“हात मोकळेच राहतील.”

“ते मला मारतील.”

“मारतील.”

“मारतील?”

“मारतीलही.”

“किती दिवस बसू?”

 नगारा वाजला. तो आवाज देम्बाने हजारदा ऐकला होता, पण नेहमी वाजवणाऱ्याच्या बाजूने. आज तो छातीत घुमला. मग पावलं दूर गेली. गाढवांच्या टापाही गेल्या.

पहिल्या दिवशी देम्बाने माशा हाकलल्या. बहिणीने शिकवलेली गाणी म्हटली. बाबांना शिव्या दिल्या, मोठ्याने, चारही भाषांत. उन्हं माथ्यावर आली तेव्हा त्याने गाठ सोडली.

समोर नदी होती. रिकामी.

तो बराच वेळ बघत राहिला. मग स्वतःच्या हातांनी पट्टी परत बांधली. या वेळी जास्त घट्ट.

दुसऱ्या दिवशी हात पन्नासदा गाठीपर्यंत गेला आणि पन्नासदा खाली आला. पाणघोडे फुरफुरले. कुठलासा पक्षी लादीवर उतरून चोच मारून गेला. पायांना मुंग्या आल्या, मग पायच नाहीसे झाल्यासारखे झाले. बांधून ठेवलेली ती बाई तीन दिवस कशी बसली असेल, हा विचार त्याच्या मनात पहिल्यांदा त्या दुपारी आला. दोन वर्षांत कधी आला नव्हता.

त्याने भोपळ्याकडे हात नेला आणि पाणी न पिता मागे घेतला.

तिसऱ्या दिवशी, ऊन डाव्या गालावर असताना, वल्ह्यांचा आवाज आला.

एक होडी. दोन. कदाचित तीन. वाळूवर लाकूड घासलं. अनवाणी पावलं, पुष्कळ. कुणी बोललं नाही.

 पळ, असं देम्बाचं अंग सांगत होतं. बघ, असं बोटं सांगत होती. त्याने दोन्ही हात वाळूत मनगटापर्यंत खुपसले.

चेहऱ्यावरचं ऊन गेलं. समोर कुणी येऊन उभं राहिलं होतं.

धुरावलेल्या मासळीचा वास. कुणाचा तरी श्वास, अगदी जवळ.

क्षमा मागायची, असं त्याने ठरवलं होतं. पण कुठल्या भाषेत? तीन दिवस त्याने तिला प्रश्न विचारले होते, आणि तिची भाषा कुठली हे आजही त्याला ठाऊक नव्हतं. तरी त्याने तोंड उघडलं...

एक तळहात त्याच्या ओठांवर आला. खरखरीत, ओला. दाबला नाही, नुसता ठेवला.

मग गळ्याला काहीतरी गार लागलं. पातं होतं.

देम्बा हलला नाही. किती वेळ, ते त्याला पुढेही कधी सांगता आलं नाही. एवढंच सांगायचा, की त्या वेळात त्याला कुठेही जायचं नव्हतं.

पातं निघालं. हातही निघाला. चेहऱ्यावर पुन्हा ऊन आलं.

लाद्या उचलल्याचा, ओढल्याचा, होडीत टाकल्याचा आवाज झाला. वल्ही वाजली, लांब गेली, मग नुसतं पाणी.

तो तसाच बसून राहिला. पट्टी त्याने सोडली नाही.

...

बाबा आले तेव्हा सकाळ होती. त्यांनी मागून गाठ सोडली.

प्रकाशाने देम्बाचे डोळे मिटले. मग त्याने ते किलकिले केले, आणि डाव्या बाजूला पाहिलं.

वाळूत चार चौकोनी खड्डे होते. लाद्या नव्हत्या.

“घेतलं!” तो ओरडला. “बाबा, त्यांनी मीठ घेतलं!”

तो उठायला गेला, पडला, गुडघ्यांवर रांगत पहिल्या खड्ड्यापर्यंत गेला. वाळू उपसली. दुसरा खड्डा. तिसरा. सोन्याची भुकटी ते पिसाच्या पोकळ नळीत भरून ठेवत. नळी नव्हती. ढेकूळ नव्हतं. कणसुद्धा नव्हता. चौथ्या खड्ड्यात त्याने कोपरापर्यंत हात घातला. ओली वाळू वर आली.

त्याचा चेहरा उतरला.

“लुटलं,” तो म्हणाला. “इतक्या पिढ्यांत कधी झालं नाही ते झालं. मीठ नेलं आणि काही ठेवलं नाही.”

बाबा त्याच्याकडे बघत होते. देम्बाच्या गळ्यावर एक बारीक रेघ होती. रक्त सुकलेलं.

“राजाला काय सांगू? कुम्बाताईला काय सांगू? संपलं, बाबा. व्यवहार मोडला. ते आता चोर झाले, आणि चोर मी केलं त्यांना.”

“नीट बघितलंस?”

“बघितलं.”

“सगळीकडे?”

“सगळीकडे, बाबा! पहिल्या लादीपासून शेवटच्या लादीपर्यंत. ओळीत काहीही ठेवलेलं नाही.”

मामारीबाबांनी फेट्याची वाळू झटकली. त्याची घडी घातली, आणि ती देम्बाच्या हातात दिली.

“ओळीत तुलाच ठेवलंय, जिवंत,” ते म्हणाले. “कमी वाटत असेल, तर हात लावू नकोस. इथंच सोड, मागे सर, आणि वाट बघ.”