आत्याबाईंची चिमूट

समुद्रकाठच्या एका गावात नारोबाशेठ नावाचा एक व्यापारी राहत असे. त्याची गलबतं दूरदूरच्या देशांना जात. मुलगा वयात आला, तसं शेठने त्याला गलबतावर नेलं. धाकटी सुरंगी म्हणाली, "मलाही न्या."

शेठ हसला. "मुली कुठं गलबतावर जातात?"

"का नाही जात?"

शेठने उत्तराऐवजी तिला एक रेशमी परकर आणून दिला.

सुरंगीने परकर पेटीत टाकला. ती म्हणाली, "मला जगाकडे जाऊ देत नाहीत ना? मग मी जगालाच घरी आणते."

शेठच्या ओसरीवर देशोदेशीचे खलाशी येऊन बसत. सुरंगी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारी, "तुमच्या घरी सणाला गोड काय करतात?" राकट दाढीवाले गडी या प्रश्नाने विरघळत. हातवारे करकरून सांगत. सुरंगीने मागच्या पडवीत वेगळी चूल घातली आणि ती एकेक पदार्थ करू लागली. मिसर देशातली पाकात भिजवलेली रव्याची वडी. जावा बेटावरचा, नारळाच्या दुधात शिजवलेला काळा तांदूळ. चीनमधल्या बदामाच्या दुधाच्या लुसलुशीत वड्या.

त्या घरात शेठची थोरली बहीण बयोआत्या हिचा शब्द चाले. तिच्या हाताला चव होती आणि जिभेला धार. घराचा एक नियम होता. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय कोणी काही चाखायचं नाही. करणाऱ्याने तर नाहीच नाही. आणि नैवेद्य दाखवायचा मान फक्त आत्याचा. सुरंगी रांधे, आत्या भांडं उचलून देवघरात नेई, दार लोटून घेई, आणि मग भांडं बाहेर येई.

घरचे खात आणि म्हणत, "बरं आहे. आपल्या खिरीसारखंच लागतं."

भाऊ म्हणे, "सुरंगे, मी मिसरात खाल्लंय. ते हे नव्हे."

ते सुरंगीलाही कळत होतं. प्रत्येक पदार्थाला जायफळ-वेलचीचा वास येई. हा वास येतो तरी कुठून? भांड्यांना लागला असेल म्हणून तिने भांडी राखेने घासली. मग कुंभाराकडून नवी मडकी आणली. सरपण बदललं. वास काही जाईना. देवघरावर मात्र तिला संशय आला नाही. देवघरावर संशय कोण घेतं?

आत्या स्वतः त्यातलं काहीच खात नसे. उंबऱ्यात उभी राहून म्हणे, "जग जग म्हणून ओरडतेस, आणि सगळं जग सारखंच लागतंय की! मग एवढा आटापिटा कशाला?"

"आत्या, तू एकदा खाऊन तरी बघ."

"मी न खाताच सांगते."

अखेर आत्याच्या रोजच्या तक्रारीला शेठ कंटाळला. तो सुरंगीला म्हणाला, "तुर्कस्तानचा इस्माईल नाखवा गलबत घेऊन येतोय. त्याच्या मुलखाचं गोड त्याला खाऊ घाल. त्याने ओळखलं, तर तुझी चूल राहील. नाही ओळखलं, तर चूल मोडायची आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही."

सुरंगी तयार झाली. एका तुर्की खलाशाने तिला नारंगीच्या फुलांच्या अर्काची इवलीशी कुपी दिली होती. ती तिने जपून ठेवली होती. तिने दूध आटवलं, त्यात तांदळाची पिठी शिजवली, खाली उतरवून अर्काचे थेंब घातले. आत्याने भांडं देवघरात नेलं आणि आणलं.

थिजलेलं गोड वाटीतून नाखव्यापुढे गेलं. तो अनेक वर्षं या बंदरात येत होता, मराठी चांगलं बोलत होता. त्याने चवीने खाल्लं आणि म्हणाला, "वा! तुमची ही खीर मला फार आवडते, शेठ."

"ही खीर नाही," सुरंगी हळूच म्हणाली. "हे तुमच्या गावचं आहे."

नाखव्याने वाटीत पुन्हा पाहिलं. पोरीचं मन मोडू नये म्हणून त्याने आणखी एक चमचा खाल्ला, पण ओळख काही पटली नाही.

सुरंगी उठली. एरवी एका शब्दाला दहा शब्द परत करणारी मुलगी मुकाट्याने पडवीत गेली. तिने कुदळ घेतली आणि चुलीची एक कड फोडली.

आत्या मागोमाग आली होती. ती दारातच थबकली.

खरं काय ते तिला एकटीला ठाऊक होतं. दरवेळी देवघरात ती कनवटीची पुडी सोडून जायफळ-वेलचीची चिमूट भांड्यात मिसळत असे. त्यात दुष्टावा नव्हता. जायफळ-वेलचीशिवाय गोड देवापुढं ठेवणं म्हणजे आंघोळीवाचून पूजा करणं, असं तिला वाटे. पोरीला जमत नाही ते आपण सावरून घेतो, असंही वाटे. आज तिचंच म्हणणं खरं ठरलं होतं. फक्त गप्प बसायचं होतं. थोरल्या माणसाला कोण विचारणार होतं?

कुदळ पुन्हा वर गेली.

"थांब," आत्या म्हणाली. "मोडू नकोस. तुझं काही चुकलेलं नाही. चिमूट मी टाकत होते."

"कसली चिमूट?"

"जायफळ-वेलचीची."

सुरंगीने कुदळ खाली ठेवली. "दरवेळी?"

"दरवेळी."

"मिसरच्या वडीतसुद्धा?"

"हो."

"आणि चीनच्या..."

"अगं, हो म्हटलं ना! आता काय चीनच्या बादशहासमोर उभी करतेस मला?"

"आणि वर म्हणायचीस, सगळं जग सारखंच लागतं!"

आत्या या वेळी रागावली नाही. तशीच ओसरीवर गेली आणि भावाला, पाहुण्यासमोर, सगळं सांगून मोकळी झाली. "नारोबा, पोर हरली नाही. मी तिला हरवलं. उद्या पुन्हा करू दे."

दुसऱ्या दिवशी सुरंगीने पुन्हा दूध आटवलं. उरलेला अर्क घातला. आत्याने भांडं देवघरात नेलं, पण दार लोटलं नाही. हात जोडून म्हणाली, "देवा, आज परमुलखातलं आहे. आहे तसं गोड मानून घे."

वाटी नाखव्यापुढे आली. चमचा उचलण्याआधीच त्याचा हात थांबला. वाटी त्याने नाकाशी धरली आणि बराच वेळ खाली ठेवलीच नाही. मग विचारलं, "शेठ, हे इतक्या लांब आणलं कोणत्या गलबताने?"

शेठ आधी जरा ओशाळला, मग हसला. "गलबताने नव्हे. पोरीने आणलं."

तेवढ्यात आत्याने स्वतःसाठी वाटी भरून घेतली. सगळे टक लावून बघू लागले. आत्याने एक चमचा खाल्ला. दुसरा खाल्ला. वाटी चाटूनपुसून संपवली आणि म्हणाली, "मला नाही आवडलं. अत्तर प्यायल्यासारखं वाटतं."

सुरंगी खळखळून हसली.

"हसतेस काय? आधी त्या चुलीची फुटलेली कड लिंपून घे. आणि ते मिसरचं पुन्हा कधी करतेस, ते सांग. मी अजून खाल्लेलं नाही."

तात्पर्य: दुसऱ्याच्या भांड्यात आपली चिमूट टाकून त्यालाच बेचव म्हणू नये. आधी आहे तसं चाखावं; मग आवडलं नाही तर खुशाल तसं सांगावं.